प्रस्तावना: बोलके, अबोल आणि मधले सगळे

लग्नाची बोलणी चालू असताना मुलीबद्दल ‘अगदी शांत आहे, कुणाच्या अध्यात ना मध्यात’ असं सांगितलं की ती तिची जमेची बाजू ठरते. तीच मुलगी सून म्हणून घरात येते, आल्यागेल्याचं चहापाणी उरकून आतल्या खोलीत जाऊन बसू लागते, आणि वर्षाच्या आत ‘घुमी आहे, मिसळतच नाही’ असा शेरा तिच्या वाट्याला येतो. मधल्या काळात मुलगी बदललेली नसते, तिच्याकडून काय हवं आहे ते बदललेलं असतं. चार लोकांत धिटाईने बोलणारा मुलगा आपल्याकडे तडफदार ठरतो आणि तितकंच बोलणारी त्याची बहीण आगाऊ ठरते. माणसाच्या स्वभावाविषयी आपण सहज काहीबाही बोलून जातो. त्यात त्याचा स्वभाव किती आणि आपली सोय किती, हे निरखून पाहावं, या इच्छेतून हे पुस्तक तयार झालं आहे.

अंतर्मुख आणि बहिर्मुख हे शब्द आता मानसशास्त्राच्या वर्गापुरते राहिलेले नाहीत. पालकसभेत शिक्षक ते वापरतात, नोकरीच्या मुलाखतीत उमेदवार वापरतात, आणि मोबाइलवर दहा प्रश्नांची उत्तरं दिली की कोणीही स्वतःवर त्यातला एक शिक्का मारून घेऊ शकतो. शब्द रुळले हे चांगलंच झालं. ‘आपल्यातच काहीतरी कमी आहे’ असं समजून वर्षानुवर्षं कुढणाऱ्या अनेकांना त्यांनी दिलासा दिला. पण रुळता रुळता बरीच सरमिसळही झाली. अंतर्मुख म्हणजे लाजाळू, लाजाळू म्हणजे भित्रा, अबोल म्हणजे शिष्ट, एकटा रमणारा म्हणजे माणूसघाणा, बोलका म्हणजे उथळ. यातलं एकही समीकरण अभ्यासाच्या कसाला उतरत नाही.

सर्वांत जास्त घोळ लाजाळूपणाचा आहे. जोनाथन चीक आणि अर्नोल्ड बस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९८१ साली माणसांची ओढ आणि माणसांपुढचं बुजणं या दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजल्या, आणि एक कमी म्हणजे दुसरं जास्त असा त्यांचा हिशेब नाही, असं दाखवून दिलं. एखाद्याला गप्पांत सामील व्हायचं तर असतं, पण तोंड उघडायची वेळ आली की घशाला कोरड पडते. त्याची अडचण भीड ही आहे. ती सरावाने कमी होते, फार तीव्र असेल तर उपचारांनी. दुसरा एखादा व्यासपीठावर तासभर निर्धास्त बोलतो, प्रश्नांना उत्तरं देतो आणि नंतरच्या जेवणाला न थांबता घर गाठतो. त्याला भीती कसलीच नसते, त्याला फक्त पुरे झालेलं असतं. ‘अरे, जरा मिसळत जा’ हा एकच सल्ला आपण दोघांनाही देतो आणि तो दोघांच्याही कामाचा नसतो.

मराठी वाचकाला याचं उदाहरण शोधायला लांब जायला नको. कथाकार जी. ए. कुलकर्णी धारवाडला राहिले, तिथे इंग्रजी शिकवत राहिले आणि सभा-समारंभांपासून कटाक्षाने दूर राहिले. त्यांच्या अलिप्ततेच्या दंतकथा झाल्या. पण त्यांनी स्नेह्यांना लिहिलेली पत्रं १९८७ मधल्या त्यांच्या निधनानंतर खंडांमधून प्रसिद्ध झाली, आणि लेखिका सुनीता देशपांडे यांनी त्यांना लिहिलेल्या पत्रांचंही ‘प्रिय जी. ए.’ हे पुस्तक झालं. ज्याला माणसं नकोतच, त्याच्या हातून अशी पत्रं लिहिली जात नाहीत. जी.एं.ना संवाद हवा होता, भरपूर हवा होता. मात्र तो एका वेळी एका माणसाशी, सवडीने आणि मध्ये टपालाचं अंतर ठेवून. त्यांच्यासारख्यांना ‘एकलकोंडा’ म्हणून निकालात काढताना आपण त्यांनी निवडलेली संवादाची रीतच मोजायची विसरतो.

स्वभावांची वर्गवारी करण्याची हौस फार जुनी आहे. आयुर्वेदाने प्रकृती मानल्या, ग्रीक-रोमन वैद्यकाने शरीरातल्या चार रसांवरून चार स्वभाव सांगितले. आज वापरात असलेली अंतर्मुख-बहिर्मुख ही जोडी मात्र कार्ल युंग या स्विस मनोविकारतज्ज्ञाची. १९१३ साली म्युनिकच्या परिषदेत त्याने ती मांडली आणि १९२१ च्या जर्मन ग्रंथात तिचा विस्तार केला. त्यामागे एक कोडं होतं. फ्रॉइड आणि ॲडलर हे दोघे मनोविश्लेषक कसलेले निरीक्षक असूनही एकाच प्रकारच्या रुग्णात त्यांना इतकं वेगळं का दिसावं? फ्रॉइडला सगळीकडे बाहेरच्या माणसांत गुंतलेली इच्छा दिसे, तर ॲडलरला स्वतःचं स्थान सांभाळण्याची आतली धडपड. युंगचं उत्तर असं की, फरक रुग्णांत नसून बघणाऱ्यांत आहे. कुणाचं चैतन्य बाहेरच्या जगाकडे धाव घेतं, कुणाचं आतल्या जगाकडे. निव्वळ एकाच बाजूचा माणूस नसतो आणि दबलेली बाजू नाहीशी होत नाही, हेही त्याने तेव्हाच सांगून ठेवलं होतं. पुढच्या शंभर वर्षांत त्याचे शब्द उचलले गेले आणि ही सूचना मागे पडली.

ती मागे पडायला मोठा हातभार लागला कॅथरीन ब्रिग्ज आणि इझाबेल मायर्स या अमेरिकी मायलेकींच्या प्रश्नावलीचा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लोकांना आपापल्या स्वभावाजोगतं काम मिळावं, या चांगल्या हेतूने त्यांनी युंगच्या विचारावरून माणसांचे सोळा प्रकार पाडले. कंपन्यांच्या प्रशिक्षणवर्गांत ही प्रश्नावली आजही चालते. तिच्यावरचा आक्षेप सोपा आणि, माझ्या मते, निर्णायक आहे. माणसांची उंची जशी पसरलेली असते, मधल्या उंचीची माणसं जास्त आणि फार ठेंगणी किंवा फार उंच थोडी, तशीच ही प्रवृत्तीही पसरलेली असते. मधोमध रेघ मारून अलीकडच्यांना एक नाव आणि पलीकडच्यांना दुसरं दिलं, की रेघेजवळची माणसं, आणि ती थोडीथोडकी नसतात, भलत्या कप्प्यात जाऊ शकतात आणि पुन्हा चाचणी दिली तर कप्पा बदलून येऊ शकतात.

कप्प्यांऐवजी चढ-उतार मोजण्याची शिस्त या विषयात आणली ती हान्स आयझेंक या मानसशास्त्रज्ञाने. बर्लिनमध्ये जन्मलेला हा तरुण १९३४ मध्ये नाझी राजवटीमुळे जर्मनी सोडून निघाला आणि पुढे लंडनमध्ये स्थिरावला. युद्धकाळात मिल हिल इथल्या रुग्णालयात मनाने खचलेल्या सैनिकांच्या नोंदींवर संख्याशास्त्रीय काम करून त्याने १९४७ साली आपली मांडणी प्रसिद्ध केली. त्यानंतर तो मेंदूकडे वळला. १९६७ मधलं त्याचं म्हणणं असं होतं की, मेंदूला जागं ठेवणारी जी यंत्रणा मेंदूच्या खोडापासून वर जाते, ती अंतर्मुख माणसात मुळातच जास्त तत्पर असते. थोडक्या आवाजाने, थोडक्या माणसांनी त्याचं भागतं, आणि त्याहून जास्त झालं की त्रास होऊ लागतो. बहिर्मुख माणसाला तेवढीच जाग यायला बाहेरून जास्त काही लागतं.

हे तपासायला त्याने आणि त्याची पत्नी सिबिल आयझेंक यांनी वापरलेलं साधन स्वयंपाकघरातलं होतं. जिभेवर लिंबाच्या रसाचे काही थेंब टाकायचे आणि तोंडात किती लाळ सुटते ते कापसाचं वजन करून पाहायचं. अंतर्मुख माणसांना लाळ जास्त सुटली. नंतर अनेक प्रयोगशाळांनी हा प्रयोग करून पाहिला आणि निष्कर्ष दर वेळी तितका स्पष्ट आला नाही. मला जास्त मोलाचा वाटतो तो रसेल गीन यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग. शब्दांच्या जोड्या शिकताना कानावर गोंगाट पडणार होता आणि त्याचा आवाज किती ठेवायचा, हे माणसांनी स्वतः ठरवायचं होतं. बहिर्मुखांनी तो मोठा ठेवला, अंतर्मुखांनी लहान. आपापल्या पसंतीच्या आवाजात दोन्ही गट सारखेच चांगले शिकले. आवाजांची अदलाबदल केल्यावर दोघांचंही काम बिघडलं. रेडिओ लावून अभ्यास करणारा एक भाऊ आणि दार लावून अभ्यास करणारा दुसरा, यांच्यातलं भांडण सोडवायला आईवडिलांना एवढी माहिती पुरेशी आहे.

आयझेंकचं नाव आदराने घेताना दुसरी बाजूही सांगायला हवी. स्वभाव आणि कर्करोग यांचा संबंध जोडणारे त्याचे एका सहलेखकासोबतचे २६ निबंध लंडनच्या किंग्ज कॉलेजने २०१९ च्या चौकशीत विसंबण्याजोगे नाहीत असं ठरवलं. बहिर्मुखतेवरचं त्याचं मूळ काम त्यात येत नाही. तरीही स्वभावावरून आजार वर्तवणाऱ्या कोणत्याही दाव्याकडे सावधपणे पाहावं, हे यातून घेण्याजोगं आहे.

पुढे विषयाचा रोख थोडा बदलला. आयझेंकचाच शिष्य जेफ्री ग्रे याने जाग येण्यापेक्षा बक्षिसाची ओढ महत्त्वाची मानली. दाद, ओळख, नवं आमंत्रण यांची चाहूल लागताच कुणाचं मन जास्त उसळतं, कुणाचं कमी. दुसरीकडे भाषेतल्या स्वभावदर्शक शब्दांची मोजदाद चालू होती. ऑलपोर्ट आणि ऑडबर्ट यांनी १९३६ मध्ये इंग्रजी शब्दकोशातून असे सुमारे १८,००० शब्द वेचले, आणि त्यांना चाळण्या लावत पुढच्या पन्नासेक वर्षांत पाच मोठे गुण हाती राहिले. बहिर्मुखता त्यांतला एक. त्याच्या पोटात जिव्हाळा, घोळक्याची आवड, ठामपणा, कामाचा झपाटा, थराराची ओढ आणि आनंदी वृत्ती अशा निरनिराळ्या गोष्टी येतात. म्हणून एखादी बाई मायाळू आणि उत्साही असूनही घोळका टाळणारी असू शकते. ही पाच गुणांची चौकट जगभर सारखी लागू पडते असं मानलं जाई. पण बोलिव्हियातल्या शेती-शिकारीवर जगणाऱ्या त्सिमाने लोकांत ती जशीच्या तशी सापडली नाही, असं २०१३ साली दिसलं.

हे सारं जन्मतःच ठरतं का, असं पालक नेहमी विचारतात. जुळ्यांच्या अभ्यासांवरून पाहिलं तर माणसामाणसांतल्या फरकाचा साधारण निम्मा भाग आनुवंशिक असतो. हार्वर्डच्या जेरोम केगन यांनी चार महिन्यांच्या तान्ह्या बाळांपुढे हलती खेळणी धरली, अनोळखी आवाज ऐकवले, वास दिले. पाचांतलं साधारण एक बाळ हातपाय झाडून रडू लागे आणि पाचांतली दोन निवांत असत. झाडून रडणारी बाळं पुढे बुजरी, जपून पाऊल टाकणारी होण्याची शक्यता जास्त होती. तरी त्यांच्यातली अनेक तशी झाली नाहीत. जन्मजात कल खरा आहे, पण मूल कुठवर जाईल हे तो एकटा ठरवत नाही.

आणि मोठेपणीही कुणी चोवीस तास एकसारखं नसतं. विल्यम फ्लीसन यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना दिवसातून अनेकदा ‘गेल्या तासाभरात कसे वागलात’ असं विचारलं. एकेका माणसाचं वागणं पंधरवड्यात बहिर्मुखतेच्या जवळजवळ सगळ्या पायऱ्यांवरून फिरून येत होतं. फरक होता तो सरासरीत. बहिर्मुखासारखं वागताना बहुतेकांना, अंतर्मुखांनाही, त्या क्षणी बरं वाटतं, असंही त्यांच्या गटाला आढळलं. हे वाचून कोणी ‘मग सगळ्यांना बोलकं करा’ असा निष्कर्ष काढील, तर २०१९ चा मेलबर्नमधला प्रयोग पाहावा. तिथे लोकांना आठवडाभर जाणूनबुजून बहिर्मुख वागायला सांगितलं होतं. मुळात बहिर्मुख असलेल्यांना त्याचा फायदा झाला. जास्त अंतर्मुख असलेल्यांना तो तितका झाला नाही, उलट थकवा आला आणि आपण खोटं वागतोय असं वाटत राहिलं. तासाभराचा खर्च परवडतो, आठवडाभराचा अंगावर येतो. ब्रायन लिटल या कॅनेडियन मानसशास्त्रज्ञाने हीच गोष्ट आयुष्याला लावून दाखवली. आवडत्या कामासाठी, जिवलग माणसांसाठी आपण स्वभावाबाहेर वागतो आणि ते योग्यच आहे, फक्त त्यानंतर परत येण्याची जागा हवी. मला या सगळ्या विषयाचं मर्म इथे दिसतं. माणूस कोणत्या प्रकारचा, या प्रश्नापेक्षा कुठे, कुणाबरोबर, किती वेळ आणि त्यानंतर काय, हे प्रश्न जास्त उपयोगाचे आहेत.

‘कुठे’ या प्रश्नात समाज येतो. शिनयिन चेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शांघायमधल्या शाळकरी मुलांच्या तीन पिढ्या पाहिल्या, १९९०, १९९८ आणि २००२ मधल्या. पहिल्या पिढीत बुजऱ्या मुलाला वर्गमित्र मान देत, शिक्षक त्याला गुणी समजत. २००२ मध्ये तसंच मूल मित्रांना नकोसं झालेलं होतं. बारा वर्षांत मुलांचा मेंदू बदलत नाही. बदलली होती ती अर्थव्यवस्था, आणि तिच्याबरोबर चांगल्या मुलाची व्याख्या. हे वाचताना महाराष्ट्र डोळ्यांपुढे येतो. ‘विचारलं तेवढंच बोलतो’ ही ज्या घरांत शाबासकी होती, त्याच घरांतली मुलं १९९१ च्या आर्थिक उदारीकरणानंतर व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरांत जाऊ लागली. कॅम्पस इंटरव्ह्यूच्या ग्रुप डिस्कशनमध्ये जो आधी आणि जोरात बोलेल तो पुढे सरकेल, हे त्यांनी अंगवळणी पाडून घेतलं. सभाधीटपणा शिकण्याजोगा आहे, तो शिकवावाच. पण आधी बोलणं म्हणजे आधी सुचणं नव्हे. हीजंग किम यांच्या २००२ च्या प्रयोगात कोडी सोडवताना मनातला विचार मोठ्याने बोलत राहायला सांगितल्यावर आशियाई वंशाच्या अमेरिकी विद्यार्थ्यांची कामगिरी खालावली, गोऱ्या विद्यार्थ्यांच्या कामगिरीवर तसा परिणाम झाला नाही. गप्प राहून विचार करणाऱ्याला ‘सहभाग कमी’ म्हणून गुण कापणारा वर्ग एका सवयीलाच बुद्धी समजतो आहे.

पाश्चात्त्य पुस्तकांत जवळजवळ न येणारी एक गोष्ट आपल्याकडे पहिल्या पानावर यायला हवी, ती म्हणजे जागा. एकांत हा स्वभावाचा प्रश्न होण्याआधी चौरस फुटांचा प्रश्न असतो. दोन खोल्यांत सहाजण राहतात तिथे ‘मला जरा एकटं बसू द्या’ हे वाक्य उद्धटपणाचं वाटतं, कारण एकाने एकटं बसायचं म्हणजे पाचजणांनी दुसरीकडे जायचं. मुंबईतली कित्येक माणसं लोकलच्या खिडकीशी, हजार अनोळखी माणसांत, दिवसातला पहिला एकांत मिळवतात. २०२० च्या टाळेबंदीत ‘आता अंतर्मुखांची चंगळ’ असं गमतीने म्हटलं गेलं. दोन खोल्यांतल्या अंतर्मुखाची ती खिडकीही गेली होती. बाबासाहेब आंबेडकरांनी परळच्या चाळीत, एका खोलीच्या घरात, रात्री सगळे झोपल्यावर अभ्यास केला. पुढे दादरला राजगृह बांधताना त्यांच्या डोळ्यांपुढे आधी ग्रंथ होते. महाडला हजारोंना हाक देणारा हा नेता अंतर्मुख की बहिर्मुख, हा प्रश्न मला गौण वाटतो. त्या हाकेमागे रात्रींचा एकांत होता, आणि तो त्यांना झोपेच्या मोलाने मिळवावा लागला.

बायकांच्या वाट्याला तर एकांत त्याहून कमी येतो. हळदीकुंकू, बारसं, सणवार, आजाऱ्याची चौकशी, नणंदेच्या सासरी फोन, ही नाती राखण्याची कामं घर तिच्यावर सोपवतं आणि ती स्वभावाने बोलकी आहे का, हे कुणी विचारत नाही. बोलकी असेल तिला यात खरा आनंद मिळतो, तोही कमी लेखू नये. घर, आळी, सोसायटी अशाच बायकांमुळे बांधलेली राहते. कुणाच्या घरी काय अडलंय हे त्यांना आधी कळतं. अंतर्मुखांच्या बाजूने लिहिताना अलीकडची अनेक पुस्तकं बोलक्या माणसांवर अन्याय करतात, त्यांना वरवरचं ठरवतात. तो सूर या पुस्तकात शिरू नये, याची काळजी घेतली आहे.

आणखी एक भेद या पुस्तकात ठिकठिकाणी येईल. प्रत्येक शांतता स्वभावातून येत नाही. घरातून पहिल्यांदाच कॉलेजात आलेली, प्रमाण भाषेला बिचकणारी, उच्चारावरून हसले जाऊ या धास्तीने मागच्या बाकावर बसलेली मुलगी अंतर्मुख असेलच असं नाही. मैत्रिणींत ती कदाचित सर्वांत जास्त बोलत असेल. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना बोलूच दिलं नाही, त्यांच्या गप्प बसण्याला स्वभावाचं नाव देणं म्हणजे अन्यायाचा पुरावा पुसणं आहे. तसंच, सतत बोलणारा माणूस आठवडेच्या आठवडे गप्प झाला, आवडीच्या गोष्टी सोडून बसला, झोप-भूक उडाली, तर ‘हल्ली अंतर्मुख झालाय’ म्हणून त्याला सोडून देऊ नये. त्याला डॉक्टरांकडे न्यावं.

‘कुठे’ हा प्रश्न इतका महत्त्वाचा असल्याने या पुस्तकाची मांडणी सिद्धांतांच्या क्रमाने केलेली नाही. ती ठिकाणांच्या क्रमाने आहे: घर, वर्ग, कचेरी, लग्नमांडव, शेजार, मोबाइलवरचे गट. त्या त्या ठिकाणी बोलक्या माणसाची आणि अबोल माणसाची अपेक्षा काय, त्यांची गाठ कुठे पडते आणि ती कशी सोडवता येते, हे पाहण्याचा प्रयत्न आहे. संशोधन गरजेपुरतं येतं. बोलका नवरा आणि अबोल बायको, किंवा उलट, अशा जोडप्यांवर बरीच पानं खर्ची पडली आहेत, कारण रविवारी कुणाकडे जायचं आणि किती वाजता निघायचं, या साध्या प्रश्नावर संसारात जितकी कटुता साचते, तितकी मोठ्या प्रश्नांवर साचत नाही.

स्वभाव ओळखण्याची चाचणी मात्र मुद्दाम दिलेली नाही. मोठी माणसं आपला आकडा विसरून जातात, मुलांना तो चिकटतो. ‘हा अंतर्मुख आहे’ असं एकदा ठरलं की नाटकात घेताना, सहलीची जबाबदारी देताना, प्रश्न विचारताना त्याला वगळलं जातं, आणि बोलक्या मुलाला कुणी पुस्तक देऊन तासभर एकटं बसवत नाही. शिक्षकांसाठीच्या भागात चाचणीच्या जागी काही साध्या रीती सुचवल्या आहेत. प्रश्न विचारल्याबरोबर हात वर करायला न सांगता आधी दोन मिनिटं वहीत उत्तर लिहायला द्यावं, मग बाकावरच्या शेजाऱ्याला ते वाचून दाखवायला सांगावं, आणि वर्गाला विचारायचं ते त्यानंतर. बोलक्या मुलांचं यात काही जात नाही, उलट त्यांचं उत्तर जास्त नेमकं येतं. आणि वर्षभर हजेरीपुरतंच ऐकू आलेलं एखादं नाव फळ्यावरच्या उत्तराशेजारी लिहिता येतं.